कागदावरची तिसरी ओळ

ठाणाकुशनूर,
६ मार्च २०२५

रेणूअक्कांना म्हाळसाचा नमस्कार.

गोठा झाडून झाला होता. शेळ्यांना पाला टाकला, हंड्याखाली चार काटक्या सारल्या आणि हात धुऊन चहाचं आधण ठेवलं. तुमचे भाऊ ओट्यावर बसून वहाणेचा अंगठा दोऱ्यानं शिवत होते. "म्हाळसे, चहा दे गं, घसा वाळायलाय," म्हणाले. मी दोन कप भरले. एवढंच. त्या सकाळी विशेष काही घडलं नाही. पण परवा तुमचं पत्र वाचताना हीच सकाळ डोळ्यांपुढं आली. येत्या भादव्यात ते गेल्याला दोन वर्षं होतील. त्या सकाळचं पुढचं आता लिहीत नाही.

तुम्ही लिहिलंत, आळंदच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि जेवणानंतरची साखर तीनशे बारा निघाली. भावाला जे झालं तेच बहिणीलाही. पण अक्का, तुम्ही वेळेवर तपासलंत, हे बरं झालं. त्यांचं कळलं तेव्हा फार पुढं गेलं होतं.

आता खायचं काय, असं विचारलंत. चहापासून सुरू करा. तुम्ही कपात तीन चमचे घालता, मला माहीत आहे. एकदम बंद केलीत तर तिसऱ्या दिवशी डोकं धराल आणि चौथ्या दिवशी पाच चमचे घालाल. दर आठ दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. आलं ठेचून घाला. मी स्वतः असंच केलं. ते गेल्यावर माझ्या कपातली साखर मी काढून टाकली. या घरात साखरेचा डबा आहे, तो पाहुण्यांसाठी.

आणि दुपारी चार वाजता हात डब्याकडं जातो, तो भुकेनं कमी आणि सवयीनं जास्त. त्या वेळी दुसरं काहीतरी हाताशी ठेवा. मूठभर फुटाणे, वर लिंबू पिळून. नाहीतर कडक भाकरीचा तुकडा आणि जवसाची चटणी. चावायला वेळ लागतो, तेवढ्यात गोडाची आठवण सरते.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही याचं मला आधी वाईट वाटायचं. आता वाटत नाही. पत्र तरी येतं.

तुमची
म्हाळसा


मादन हिप्परगा,
२० मार्च २०२५

म्हाळसा,

तुझी पत्रं पुस्तकातल्यासारखी असतात. मी चौथी शिकले तरी मला असं लिहिता येत न्हाई, आन तू शाळेची पायरी न चढता लिहायलीस. इरप्पा म्हणायचा, "अक्का, माझी बायको भज्याचा कागदसुद्धा वाचून मगच फेकती." आठवतं का तुला? मला लई आठवतं. त्याचं नाव आता माझ्यापाशी तुझ्याशिवाय कुणी काढत न्हाई.

तू सांगितलेलं चालू केलंय. चहा तीनाचा अडीच चमच्यांवर आला. पहिला घोट घेतला तर सून म्हणाली, "अत्ती, तोंड असं कामून करायलात? मी काय इख घातलंय?" आन सुनीलकुमारला तर खेळच झालाय. मी फुटाण्याची वाटी घेऊन अंगणात फिरत होते, तर मोठ्यानं वरडला म्हणजे मला ऐकू यावं म्हणून, "आई, हरभरे खाऊन घोड्यावानी पळायलीस, खोगीर आणू का?" मी म्हणलं, "आण, आन तूच बस, मग बघ कुठं नेऊन पाडती."

हसते खरी, पण चार वाजले की जीव कासावीस होतो. काल नातवाच्या हातातला बिस्कुट मागून खाल्ला. त्यानं दिला, पण असं बघितलं की मला लाज वाटली.

औंदा ऊस बरा होता. गुऱ्हाळ मागच्या महिन्यात उठलं. तुला एक ढेप धाडू का? इरप्पा असता तर इचारलंबी नसतं.

अक्का


ठाणाकुशनूर,
४ एप्रिल २०२५

अक्का,

ढेप पाठवू नका. घरात खाणारं कुणी नाही. भीमाशंकर आणि सून भाग्यलक्ष्मी दोघंही चहा फिकाच पितात, वडिलांचं बघून घाबरलेत.

नातवाकडून बिस्किट घेतलंत त्याची लाज धरू नका. मी सांगते माझी गोष्ट. साखर सोडल्यावर विसाव्या दिवशी शेजारी बारसं होतं. पंगतीत हुग्गी वाढली, गव्हाची गोड खीर, वर तूप. मी 'नको' म्हणाले आणि घरी येऊन पाहुण्यांच्या डब्यातली चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. आणि तिथेच उभ्यानं रडले. साखरेसाठी नाही, तुम्हाला कळेल कशासाठी. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बंद. एक दिवस चुकला म्हणून सगळं चुकलं असं होत नाही.

फुटाण्यांनी कंटाळला असाल तर मूग भिजवून मोड आणा, तव्यावर नुसते परता, कांदा, मीठ, लिंबू. उन्हाळा आहे, वाळूक चिरून तिखट-मीठ लावा. ताकात जिरं भाजून घाला. शेंगदाणे भाजलेले चालतात, पण मोजून एक मूठ, आणि तुमची मूठ मोठी आहे, तेव्हा नातवाची मूठ धरा.

पायांना रोज रात्री झोपायच्या आधी हात लावून बघत जा. बोटांच्या बेचक्यासुद्धा. हे विसरू नका.

म्हाळसा


मादन हिप्परगा,
२८ एप्रिल २०२५

म्हाळसा,

आता तू शाबास म्हणशील. घरातला साखरेचा डबा मी सुनेच्या ताब्यात दिला. चहात साखरेचा एक दाणा न्हाई, गोड बिस्कुट न्हाई, सरबत न्हाई. मोडाचे मूग सगळ्यांना आवडले, सुनीलकुमार तर म्हणतो आता आईचं औषध आम्हालाच चालू करा.

आन गोडाची तलफ आली तर आपला गूळ हाय की! चहातबी गूळच टाकते, चांगला खडा. चार वाजता शेंगदाणे आन गूळ. गूळ आपल्या रानातला, आपल्या डोळ्यांसमोर कढईत आटलेला, त्यात कसली आली साखर? साखर ती कारखान्याची, पांढरी, औषधं मारलेली. ह्यानं तर रक्त वाढतं. डॉक्टरनं साखर बंद म्हणलंय, गुळाचं त्यानं नावबी काढलं न्हाई.

फकस्त एक कळंना. परवा पुन्हा तपासलं तर तीनशे चाळीस. तपासणाऱ्या पोराचं मशीन बिघडलं असणार.

नागपंचमीला धाडतीस ते लाडू औंदा गुळाचेच कर. साखरेचे नको.

अक्का


मादन हिप्परगा,
९ जून २०२५

म्हाळसा,

दीड महिना झाला, तुझं पत्र न्हाई. आजारी हायेस का? सुनीलकुमारनं भीमाशंकरला फोन केला, तो म्हणाला आई बरी हाय, रोज काहीतरी लिहिती आन फाडती. माझ्यावर रागावलीस का? मी काय चुकीचं लिहिलं?

इथं सगळं ठीक. नव्या चपलेनं उजव्या अंगठ्याला फोड आला होता, तो फुटला. हळद भरली. आजिबात दुखत न्हाई, म्हणजे बरं व्हायलंय. तू सांगितल्यावानी रोज हात लावून बघते, बघ, ऐकते की मी तुझं.

पंचमी जवळ आली. इरप्पा गेल्यावरबी तू गेल्या साली माहेरचा लाडवांचा डबा चुकवला न्हाईस. शेंगाचे, तिळाचे, लाह्यांचे. डबा आला की मी आधी तो अंगणात उघडते, शेजारणींना दिसावा म्हणून. भाऊ गेला तरी माझं माहेर हाय, हे कळू दे लोकांना. औंदा लाडू थोडे कमी कर, पण डबा धाड.

अक्का


ठाणाकुशनूर,
१७ जून २०२५

अक्का,

हे पत्र वाचायच्या आधी एक करा. सुनीलकुमारला हाक मारा, त्याला अंगठा दाखवा आणि आजच दवाखान्यात जा. पत्र नंतर वाचा.

जखम दुखत नाही म्हणून ती बरी होते आहे, असं नाही. त्यांचाही अंगठा दुखत नव्हता. वहाणेनंच चावलं होतं. ती सकाळ मी तुम्हाला अर्धी सांगितली होती. वहाण ते का शिवत होते, ते सांगितलं नाही. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी पाय पुढं केला आणि म्हणाले, "बघ गं, फोड फुटलाय, पण कळतबी न्हाई मला." मी हळद भरली आणि शेणाची टोपली उचलून गेले. पुढं अंगठा, मग पाऊल, मग गुडघा, मग ताप. ते सगळं तुम्ही पाहिलंत.

दुसरी गोष्ट तुम्ही पाहिली नाहीत. तुमचं गुळाचं पत्र आलं त्या दिवसापासून मी ती लिहिते आहे आणि फाडते आहे.

त्यांना साखर आहे हे बिदरच्या दवाखान्यात कळलं, तेव्हा तिथल्या नर्सबाईनं काय खायचं, काय नाही, याचा एक छापील कागद काढला. मला विचारलं, "अम्मा, वाचता येतं का?" मी बोलायच्या आत तुमचे भाऊ म्हणाले, "आमच्या मालकिणीला सगळं येतंय. पुस्तकं वाचती ती." असे बोलले की आजूबाजूच्या दोन बायकांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी कागद घेतला. नर्सबाईंपुढं रांग होती.

घरी येऊन उघडला. तो कन्नडमधला होता.

मी कन्नड बोलते, कन्नडमध्ये बाजार करते, भांडतेसुद्धा. वाचता येत नाही. चाळिशीत शेजारच्या पोरीच्या मराठी अंकलिपीवरून मी मराठी अक्षरं शिकले, तेवढीच माझी शाळा. भीमाशंकर कन्नड शाळेत शिकलेला, सून शिकलेली, दोघं तेव्हा हैदराबादेत होते, पण गावात वाचून देणारी दहा माणसं होती. मी कुणाला दाखवला नाही. ज्यांनी चार लोकांत माझं नाव काढलं, त्यांच्यासमोर 'मला येत नाही' म्हणायचं माझ्यानं झालं नाही. साखर बंद, एवढं तर कानानं ऐकलं होतं. तेवढं पुरे, असं मी ठरवलं आणि कागद पेटीत ठेवला.

आणि आठ महिने मी त्यांना गुळाचा चहा दिला. सकाळी एक, दुपारी एक. ते विचारायचे, "हे चालतंय का गं?" मी म्हणायची, "कागदात बघितलंय मी. चालतंय."

ते गेल्यावर महिन्याभरानं भाग्यलक्ष्मीनं पेटी आवरायला काढली. तो कागद तिनं मोठ्यानं वाचला. तिसरी ओळ. साखर, गूळ, मध, उसाचा रस, सगळं वर्ज्य. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "अत्ती, मामांना हे ठाऊक होतं?" मी म्हणाले, "होतं. ऐकत नव्हते."

मेलेल्या माणसावर ढकललं मी. या घरात अजून तेच खरं समजतात.

अक्का, गूळ म्हणजे साखरच. रानातला असो की कारखान्यातला. आजपासून खडासुद्धा नको. तुम्ही माझ्याशी बोलू नका हवं तर, पण गूळ बंद करा आणि पाय दाखवा.

म्हाळसा


मादन हिप्परगा,
२५ जून २०२५

तुझं पत्र मिळालं.

माझा भाऊ तुला इचारत होता, आन तू चालतंय म्हणत होतीस. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दोन वर्सं मी देवाला बोल लावला, डॉक्टरला लावला, त्याच्या नशिबाला लावला. तू सगळं ऐकून घेतलंस.

औंदा पंचमीचा डबा धाडू नको. धाडलास तर मी परत करीन. माहेर इरप्पासंगंच गेलं असं मी समजते.

पाय माझा हाय, मी बघीन. अंगठा जरा काळा पडलाय, एवढंच. दुखत न्हाई. सुनीलकुमारला सांगायची गरज न्हाई, त्याला पेरणीची घाई हाय. तूबी त्याला फोन करायचा न्हाई, तुला इरप्पाची शपथ.

रेणुका


मादन हिप्परगा,
१९ जुलै २०२५

म्हाळसा,

काल दवाखान्यातून घरी आणलं. अंगठा आन शेजारचं बोट गेलं. बाकी पाऊल ठेवलंय. जखम अजून ओली हाय, डॉक्टर म्हणतात महिनाभर काही सांगता येत न्हाई. रोज पोटात सुई घ्यावी लागती. सून चार वाजता मूग न्हाईतर फुटाणे पुढ्यात ठेवती आन मी खाऊन होईस्तोवर समोर बसती, पोलिसावानी. गूळ घरातून काढला. ढेपा सुनीलकुमारनं नेऊन वाटल्या.

कलबुर्गीच्या दवाखान्यात तू अकरा दिवस माझ्या खाटंखाली चटईवर झोपलीस. मी भिंतीकडं तोंड करून होते. तू माझं डोकं विंचरलंस, मी तेबी करू दिलं, पण एक शब्द बोलले न्हाई. बोलता येत न्हवतं असं न्हाई. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, मलाच ठाऊक न्हवतं.

आता लिहिते. तुझं ते पत्र मी कितीतरी डाव वाचलं. त्यात एक गोष्ट न्हाई. इरप्पाच्या चहात जो गूळ पडला, तो कुणाचा होता? माझ्या घरचा. दर साली मीच ढेप धाडत होते. त्याला साखर निघाल्यावर तर दोन धाडल्या, पांढरी साखर बंद झाली, बिचारा गूळ तरी खाईल म्हणून. हे तू लिहिलं न्हाईस. मी शोधत होते, कुठंतरी एका ओळीत तू म्हणली असशील. न्हाई. तुला आठवलं न्हाई का तू जाणून गाळलंस?

माफ केलं असं मी लिहीत न्हाई. कुणी कुणाला करायचं, तेच कळंना झालंय.

आन एक सांग. माझं तसलं पत्र हातात पडल्यावरबी तू दारात येऊन उभी राहिलीस. सुनेनं विचारलं, "कुणी बोलावलं?" तू म्हणलीस, "पाय कुठंय ते दाखवा." शपथ मोडली न्हाईस, फोन केला न्हाईस, सरळ आलीस. कामून आलीस?

अक्का


ठाणाकुशनूर,
२५ जुलै २०२५

अक्का,

डबा पार्सलनं पाठवते आहे, परत करायचा असेल तर करा. त्यात लाडू नाहीत. कडक भाकऱ्या आहेत, जवसाची चटणी, मिठातले फुटाणे आणि भाजलेल्या शेंगा. माहेरचा डबा म्हणून शेजारणींसमोर उघडायला तुम्हाला कमीपणा वाटेल. वाटला तर घरात उघडा.

गुळाचं मला आठवत होतं. जाणूनच लिहिलं नाही. तुम्ही मायेनं पाठवत होता आणि कागद माझ्या हातात होता, तुमच्या नाही. तुम्हाला वाचवायचं म्हणून गाळलं, असंही नाही. तुमच्यावर अर्धं ढकललं असतं तर माझं हलकं झालं असतं, आणि एकदा ढकलून मी पाहिलं होतं.

का आले, ते सांगते. तुमचं पत्र एक जुलैला दुपारी आलं. भाग्यलक्ष्मी अंगणात तूर पाखडत होती. माझं तोंड बघून तिनं सूप खाली ठेवलं. "अत्ती, काय झालं?" मी पत्र तिच्याकडं दिलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "'चालतंय म्हणत होतीस' असं लिवलंय, म्हणजे काय?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्यासाठी पाणी आणलं आणि म्हणाली, "हे तुमच्या लेकाला तुम्हीच सांगा. मी सांगणार न्हाई."

दिवस मावळताना भीमाशंकर रानातून आला, जेवायला बसला. मी ताट वाढलं आणि सांगितलं. त्यानं घास ताटात परत ठेवला. म्हणाला, "म्हणजे दोन वर्सं मी अप्पालाच बोलत होतो. ऐकलं न्हाई, मेला, असं चार लोकांत म्हणत होतो."

"व्हय," मी म्हणाले.

"आन तू बसून ऐकत होतीस."

"व्हय."

तो उठला, हात धुतले आणि बाहेर जाऊन बाजेवर बसला. मी ताट झाकून त्याच्या मागं गेले. म्हणाले, "रेणूअक्काचा अंगठा काळा पडलाय. मी जाणार हाय."

"बोलावलंय का तुला?"

"न्हाई. येऊ नको असंच हाय."

"मग कामून जायलीस?"

तुम्हालाही तेच सांगते, जे त्याला सांगितलं. म्हणाले, "तिचा राग खरा हाय. पण पाय काळा व्हायलाय तो काही राग जायची वाट बघणार न्हाई."

माझ्याशी तो अजून कामापुरतंच बोलतो.

दुसऱ्या दिवशी मी गोठा झाडला, भाकरी बांधली, सहाच्या बसनं बिदरला गेले, तिथून कलबुर्गी, आळंद करत तुमच्या गावाला उतरले.

म्हाळसा